पांझरेपलीकडचा वाळा

कुसुमलता आणि अमृतलाल यांचं लग्न झालं, आणि वरण-बट्टी जेवून पंगतीने हातही धुतले. पण आपण असं धरू या की यातलं काहीच झालेलं नाही. साल अडुसष्ट, पांझरेत पाण्याची नुसती आठवण उरलेली, आणि दोघं डोहावर समोरासमोर — हातात एकेक बादली.

शाळांनी किनाऱ्यावरची मूळची झाडंझुडपं पुन्हा लावावीत, असा वरून हुकूम निघाला होता. निघाला बहुधा कोकणासाठी, पोचला धुळ्याकडे. कुसुमलताच्या शाळेचे हेडमास्तर शांत माणूस. म्हणाले, समुद्र मागवायला वेळ लागेल, तोवर पांझरा वापरा. बाईंच्या पोरींनी अलीकडच्या काठावर वाळा, म्हणजे खसाचं गवत, लावला. पलीकडे अमृतलाल मास्तरांच्या पोरांनीही लावला. उन्हाळ्यात दोघांना मिळून डोह उरला एक.

"बाई, हा डोह जरा आमच्या काठाकडे झुकलाय," अमृतलाल म्हणाला.

"डोह झुकलाय… की मास्तर?"

त्याची बादली कलंडली. ती तोंड घट्ट मिटून पाणी भरत राहिली. हसायला घरी गेली.

घरी मात्र हसण्यासारखं नव्हतं. वडिलांनी, कापडवाल्या दीपचंदशेठनी, अट घातली होती — पावसाळ्यापर्यंत वाळा जगला तर मास्तरकी चालू, नाहीतर चाळीसगावचं स्थळ. त्या मुलाची ख्याती एवढीच, की तो जेवताना बोलत नाही आणि एरवी जेवत असतो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गौराई बोळवायला दोन्ही काठांच्या पोरी नदीवर जमतात, गाण्यांतून एकमेकींच्या खानदानाचा उद्धार करतात आणि ढेकळं फेकतात. जुना रिवाज आहे; त्यात राग नसतो, फक्त नेम असतो. यंदा अलीकडची ढेकळं संपली, पण गावाची अब्रू शिल्लक होती. पोरींनी हाताला लागलं ते मातीसकट उपटलं आणि भिरकावलं.

धूळ बसली तेव्हा काठ बोडका होता. भिकुबाई, वर्गातली सगळ्यात हुशार पोर, छाती काढून, पलीकडे बोट दाखवत म्हणाली, "बाई, आपला वाळा बठ्ठा तठे शे."

कुसुमलता वाळूत बसली. चाळीसगाव तिला स्पष्ट दिसू लागलं.

पण पलीकडे अमृतलालने ते ठोंब गोळा करून ओल्या वाळूत लावले होते. एक ठोंब थेट त्याच्या कपाळावर आला होता, तोही लावला. कोंब फुटल्यावर ती आपला वाळा परत मागायला गेली. टेंगूळ अजून उतरलं नव्हतं.

"आता उपटला तर मरेल…" तो म्हणाला. "त्यापेक्षा — तुम्हीच या काठावर आलात तर?"

"टेंगूळ उतरलं की विचारा. आत्ता डोक्यावर परिणाम असेल."

"उतरलं तरी हेच विचारीन."

तिने ओल्या बोटाने ते टेंगूळ हळूच दाबून पाहिलं. तो कळवळला… आणि तिने बोट काढू नये म्हणून कपाळ तसंच पुढे धरून राहिला.

मृगाच्या आधी दीपचंदशेठ पाहणीला आले. आधी बोडका काठ पाहिला, मग पलीकडचा हिरवा, मग लेकीचा चेहरा. तू कोणाचा, म्हणून अमृतलालला विचारलं. तो दोंडाईच्याच्या मांगीलालशेठचा, म्हणजे ओळखीच्याच घरातला निघाला. शेठनी दुकानातला न्याय लावला. "माल पोचला तिथला. पोरगीही तिकडेच पोचवू."

लग्नाला दोन्ही काठांच्या पोरी आल्या आणि आखाजीचीच गाणी म्हणाल्या. ढेकळं मांडवाबाहेर ठेवायला लावली होती.

आता कुसुमलता राहते पलीकडे, शिकवते अलीकडे, आणि पावसाळ्यात मधे पांझरा येते. म्हणून दोघांच्या सहीने वर अर्ज गेला आहे:

"सबब, पांझरा नदीस शाळेच्या वेळेत न वाहण्याविषयी सक्त ताकीद देण्यात यावी, ही नम्र विनंती. रविवारी वाहण्यास आमची हरकत नाही. त्या दिवशी आम्ही दोघे एकाच काठावर असतो."