एका पुस्तकाची जागा

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. भुसावळचे हारुनभाई बाइंडर खोटं बोलतात, पण फक्त गिऱ्हाइकाला तारीख देताना.

गेल्या जानेवारीतला शुक्रवार. दिवेलागणीची वेळ.

गावात ज्यू घर एकच उरलेलं, एझ्रा नाना आणि सिपोराकाकूंचं. पुढच्या खोलीत समाजाचं वाचनालय. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागतो; काकू बटणाला हात लावत नाहीत. म्हणून शेजारचे हारुनभाई येऊन ट्यूब बंद करायचे.

नाना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

देवाचं नाव असलेलं पुस्तक जीर्ण झालं, तर ही मंडळी ते रद्दीत घालत नाहीत. माणसासारखं पुरतात. नानांनी आपल्या कबरीत ठेवायला गठ्ठा स्वतः निवडून ठेवलेला. बांधायचं काम हारुनभाईंचं.

त्यातलं एक त्यांनी गुपचूप काढून घेतलं.

हाताने लिहिलेली मराठी प्रार्थनागीतं. दुसरी प्रत कुठेच नाही. नुसती शिवण गेलेली. बाइंडरचा जीव, राहवलं नाही. नवी शिवण घालून त्यांनी ते वाचनालयाच्या कपाटात ठेवून दिलं.

त्या शुक्रवारी ट्यूब बंद केली, आणि अंधारात आवाज आला...

टक्.

टक्.

एकेक टाका तुटत होता. आपल्या हातचा टाका बाइंडरला आवाजावरून कळतो.

ट्यूब लावली. पुस्तक नानांच्या टेबलावर. पानं सुटी. आणि दोरा... नीट गुंडाळून ठेवलेला. नाना दोरा वाया घालवत नसत.

त्यांनी पुन्हा शिवलं, दुहेरी दोऱ्याने. पुढच्या शुक्रवारी तोही गुंडाळलेला.

झेरॉक्स काढायला नेलं, तर पानं कोरी आली. दुकानदाराने टोनर बदलला, तरी कोरीच. मग हारुनभाईंकडे बघून शटरच ओढलं.

शेवटी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं.

"पुस्तक मरायला टेकलेलं नव्हतं, काकू."

"नानाही स्वतःबद्दल हेच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "पुरलंच ना त्यांना."

रविवारी रिक्षात काकूंनी त्यातली सगळी गाणी एकदा म्हणून घेतली.

दफनभूमीत, नानांच्या कबरीशेजारी, खड्डा तयार होता...

ताजा. कडा पट्टीने आखल्यासारख्या. राखणदार मगन म्हणाला, त्याने नाही खणला, त्याचं फावडंच चार दिवस गायब आहे.

काकूंनी पुस्तक आत ठेवलं. बरोबर बसलं.

आणि शेजारी, तेवढ्याच आणखी एका पुस्तकाची जागा उरली...

काकूंनी वर पाहिलं. "हारुन, अजून काय ठेवलंयस?"

"काही नाही, काकू."

खरंच काही नव्हतं.

हल्ली दर शुक्रवारी हारुनभाई दुकानातल्या फळ्या रिकाम्या करतात. काय शोधताय विचारलं तर सांगता येत नाही. खड्ड्याचं माप चुकलं असेल, असं त्यांची बायको हुस्नबानो म्हणाली.

"नानांचं?" एवढंच बोलून ते पुन्हा पहिल्या फळीकडे वळले.