फायरवॉलच्या आतलं माणूस

"मला माफी नकोय," मॅडम म्हणाल्या. "मला तो माणूस हवाय. माझ्यासमोर, उभा. पुढचं माझं मी बघून घेईन."

अजून त्या खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. भाऊजींनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी हातानेच बाजूला सारला.

नवरा गेल्यावर त्याची गुप्तहेर कचेरी वहिनींनी बंद केली नाही. बँकेतून निवृत्त झालेले भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, तिथे रोज येऊन बसत. फोन घेत, कपाटं लावत. "आणि साध्या माणसाला काय वाटेल ते मला भाऊजींमुळे आधी कळतं," वहिनी म्हणत. हे कौतुक आहे की टोमणा, हे भाऊजींना अजून उमगलं नव्हतं.

मॅडमचा गायकवृंद होता. हौशी लोक, पण शिस्त कडक. प्रत्येक तालमीचं रेकॉर्डिंग त्या घरच्या कॉम्प्युटरवर ऐकत आणि कुणाचं काय चुकतंय ते तिथेच माइकवर बोलून ठेवत.

"कुणाला ऐकवायला नव्हतं ते," मॅडम म्हणाल्या. "माझ्यापुरतं होतं. नावंसुद्धा घेत नाही मी. एकजण गंजलेलं बिजागर, एकजण ओली काडेपेटी. कोण कोण ते मला माहीत."

भाऊजींना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

"रविवारी सकाळी माझ्या मेलवरून प्रत्येकाला माझ्या आवाजातला एकेक तुकडा गेला. पाठवलेलं सगळं नंतर पुसलेलं होतं. मला कळलं ते फोन वाजायला लागल्यावर. संध्याकाळी तालमीला हॉल रिकामा."

"कुणाला काय गेलं?" वहिनींनी विचारलं.

"ज्याचं त्याला. बिजागराला बिजागराचं, काडेपेटीला काडेपेटीचं."

"वृंदातल्या सगळ्यांबद्दल बोलला होतात?"

"गाणाऱ्या प्रत्येकाबद्दल. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही."

"आणि घरचे काय म्हणतात?"

"व्हायरस म्हणतात! अँटीव्हायरस चुकीचा निवडला, फायरवॉल उशिरा घेतली, हेच चाललंय चार भिंतींत."

"मग तुम्ही आमच्याकडे का आलात?"

मॅडम पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू बघून भाऊजींना बरं वाटलं नाही. "व्हायरसला माझा राग यायचं काही कारण नाही, म्हणून."

*

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत खिडकीशी होता. पासवर्ड नव्हता. मॅडमचे यजमान कानाचं यंत्र सारखं करत समोर बसले.

"मी कधीपासून सांगत होतो, एखादा चांगला अँटीव्हायरस बघून घ्या," ते मोठ्याने म्हणाले. "पण घरात सल्लागार फार! मेहुणी म्हणाली, फुकटातला चालतो. कॉम्प्युटरवाला म्हणाला, पैसे भरून घ्या. वृंदाला साथ करणाऱ्या पियानोबाई म्हणाल्या, हल्ली एकावर भागत नाही, दोन असलेले बरे. मी म्हटलं, सगळ्यांचंच ऐकू. दोन्ही घातले."

"मग?"

"मग मशीन बैलगाडी झालं. सारख्या लाल खिडक्या. धोका, धोका! आम्ही न वाचता बंद करायला लागलो. शेवटी शनिवारी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून फायरवॉल बसवली, आणि रविवारी हे."

"रविवारी सकाळी घरात कोण होतं?"

"ही वर दार लावून रियाजाला. मी मागे झाडांना पाणी घालत होतो. मेहुणी स्वयंपाकघरात. पियानोबाई नेहमीप्रमाणे स्वरलिपीची पानं छापायला आल्या होत्या."

"तुम्ही वृंदाचं गाणं ऐकता?"

"ऐकतो ना. सगळे मिळून एकच माणूस गातोय असं वाटतं." यजमानांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "ती म्हणते, हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक."

बाहेर पडताना भाऊजी म्हणाले, "मला कॉम्प्युटरवाल्याचाच संशय येतो, वहिनी. शनिवारी हात लावला आणि रविवारी घात झाला."

"चला, त्यालाच विचारू."

कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात उघड्या पेट्या आणि वायरींचा गुंता होता. तो आधीच चिडलेला होता.

"अख्ख्या गल्लीत माझं नाव खराब केलंय! मी एकच घातला होता, चांगला. त्याच्यावर दुसरा कुणी चढवला? एका घरात दोन अँटीव्हायरस कधी ठेवायचे नसतात. दोघं एकमेकांनाच चोर समजतात. खरा चोर आला तरी यांचं भांडण मिटत नाही."

"आणि फायरवॉल?"

"ती दारावरचा पहारेकरी. बाहेरून कुणी आत घुसायला बघितलं, आतून अनोळखी प्रोग्रॅम बाहेर निघाला, तर ती विचारते आणि लिहून ठेवते. मी जाऊन तपासलं, तुम्हीही बघा. रविवारी कुणी आत आलेलं नाही. मॅडमचा रोजचा मेल बाहेर गेला, तेवढाच. पहारेकरी घरच्या माणसाला कशाला अडवेल?"

"तुम्ही वृंदातल्या किती जणांना ओळखता?"

"एकालाही नाही. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

वहिनींनी त्याचे आभार मानले आणि बाहेर येताच भाऊजींना म्हणाल्या, "हा सुटला."

"का?"

"रेकॉर्डिंगमध्ये नावं नाहीत, भाऊजी. ओली काडेपेटी म्हणजे कोण, हे ज्याला कळत नाही तो तिचा तुकडा तिला कसा पाठवेल?"

भाऊजी थबकले. "म्हणजे यजमानही सुटले. त्यांना तर सगळे एकच माणूस वाटतात."

"आज तुम्ही फॉर्मात आहात."

*

मॅडमची धाकटी बहीण, म्हणजे यजमानांची मेहुणी, डोळे सुजवून बसली होती. तिने न विचारताच फोनवर तिचा तुकडा लावला. मॅडमचा आवाज खोलीत भरला, शांत आणि स्वच्छ. "रंगवलेला दरवाजा. लांबून बघणाऱ्याला वाटतं आत केवढी खोली असेल. उघडला की भिंत."

तुकडा संपला. वहिनींनी तो पुन्हा लावायला सांगितला, मग तिसऱ्यांदा. बहिणीला ते असह्य झालं.

"काय ऐकताय एवढं?"

"श्वास," वहिनी म्हणाल्या. "बोलण्याआधी ताईंनी घेतलेला श्वास पूर्ण आहे. शेवटही अर्धवट तुटलेला नाही. बाकीच्यांचे तुकडे असेच आहेत?"

"सगळे असेच. आम्ही एकमेकांना ऐकवले. रडत-रडत हसलो." ती एकदम पुढे झुकली. "सूड घ्यावासा वाटला मला तिचा. लहानपणापासून वाटतोय. पण हे मी केलं असतं ना, तर माझा तुकडा कुणाच्या हाती लागू दिला नसता. वृंदातल्या सगळ्यांना आता ठाऊक आहे की माझ्यामागे खोली नाही."

भाऊजींना ते पटलं. वहिनींनी मात्र मान हलवली नाही.

पियानोबाई हॉलवर भेटल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्या एकट्याच पियानोच्या पट्ट्या पुसत होत्या. मॅडमच्या डाव्या हाताला बसून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या इतक्या हळू बोलत की भाऊजींना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"मलाही आला ना," त्या म्हणाल्या. "कुणालाच सोडलं नाही त्यांनी."

"काय होतं त्यात?"

"लाकडी बोटं." त्यांनी आपले हात उलटे करून पाहिले. "म्हणाल्या, लाकडी बोटं. वाजतात, पण बोलत नाहीत."

"ऐकवता?"

"पुसून टाकला. संतापाच्या भरात."

"साहजिक आहे," भाऊजी कळवळून म्हणाले. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

त्यानंतर वहिनींनी मॅडमची सगळी रेकॉर्डिंग मागवून घेतली आणि कचेरीत बसून पहिल्यापासून ऐकली. भाऊजींनाही ऐकायला लावली. गळकी छत्री, सैल बटण, बंद पडलेलं घड्याळ. भाऊजींचं डोकं भणाणून गेलं.

"यात काय शोधायचंय?" त्यांनी वैतागून विचारलं.

"जे नाही ते," वहिनी म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी तिघींना हॉलवर बोलावलं. मॅडम आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. बहीण खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसली. पियानोबाई पियानोपाशी.

"नाव सांगा," मॅडम म्हणाल्या.

"क्रमाने सांगते. व्हायरस आंधळा असतो. तो सगळ्यांना सगळं पाठवेल. ज्याचं त्याला निवडून पाठवणार नाही. म्हणजे हे माणसाचं काम. फायरवॉल म्हणते, बाहेरून कुणी आलं नाही. म्हणजे माणूस कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसलेलं होतं. नावांशिवाय कोण कुणाचा आवाज ते त्याला कळत होतं. यजमानांना ते कळत नाही, कॉम्प्युटरवाल्याला तर नाहीच. उरल्या दोघी."

बहीण ताठ झाली.

"तुकडे कापलेत कसे बघा. एकही श्वास तुटलेला नाही. ते एका सकाळचं काम नाही. कुणीतरी रेकॉर्डिंग आधीच उचललं, घरी नेऊन निगुतीने कापलं, आणि रविवारी नुसतं पाठवलं. मधल्या काळात एक तयारी केली. घरात व्हायरसची भीती पेरली. दोन अँटीव्हायरस असलेले बरे, असं सांगून मशीनच आजारी पाडलं. लाल खिडक्या इतक्या यायला लागल्या की रविवारी पहिला शब्द कुणाच्याही तोंडून निघाला तो व्हायरस. दोन घ्या हा सल्ला तुमच्या बहिणीचा नव्हता, मॅडम. ती एकाचेही पैसे भरू नका म्हणत होती."

मॅडमची मान सावकाश डावीकडे वळली.

"सल्ला चुकीचा असू शकतो," पियानोबाई पुटपुटल्या. "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? आणि मलाही तुकडा आला होता."

"नाही आला. लाकडी बोटं हे शब्द मॅडम कुठेच बोललेल्या नाहीत. मी शेवटपर्यंत ऐकलंय. त्या माणसांना वस्तूंची नावं देतात. बिजागर, छत्री, दरवाजा. आणि बोलतात फक्त गाणाऱ्यांबद्दल. मला पहिल्याच दिवशी त्या तसं म्हणाल्या होत्या. न आलेली शिवी आपल्याला आली असं कोण सांगेल? एक तर जिला गर्दीत लपायचंय ती." वहिनी पियानोबाईंकडे वळल्या. "किंवा जिला ती यायला हवी होती ती."

पियानोबाईंनी पियानोचं झाकण लावलं. मग त्यांचा आवाज आला तेव्हा भाऊजींना खुर्ची ओढावी लागली नाही.

"पानं छापताना ती रेकॉर्डिंग सापडली. मी स्वतःला शोधलं. म्हटलं, माझ्याबद्दल काय म्हणत असतील? सगळी ऐकली. उशिरा येणाऱ्या माणसाबद्दल आहे. दोनच तालमींना आलेल्या मुलीबद्दल आहे. माझ्याबद्दल एक शब्द नाही! इतकी वर्षं यांच्या श्वासाबरोबर श्वास घेतला मी. यांनी हात उचलायच्या आधी मला सूर कळायचा. आणि यांच्या लेखी मी म्हणजे हॉलमधलं सामान!" त्या उभ्या राहिल्या. "मग म्हटलं, ज्यांच्याबद्दल एवढं बोलता ना, एकही तुमच्याजवळ राहू देणार नाही. नाहीच राहिला."

बहिणीने तोंडावर हात ठेवला.

"आता बोला," पियानोबाई मॅडमना म्हणाल्या. "पोलिसांत द्या, काय वाटेल ते करा. पण आधी बोला. शिवी द्या. लाकडी बोटं म्हणा. काहीतरी म्हणा माझ्याबद्दल."

मॅडम दोन पावलं पुढे आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊजींना वाटलं, आता फुटेल सगळं. कचेरीत पहिल्या दिवशी पाहिलेलं ते हसू मॅडमच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी पियानोबाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं, जणू मधे कुणी नाहीच. मग पर्स उचलली आणि दाराबाहेर गेल्या.

वहिनी आणि भाऊजी त्यांच्या मागोमाग जिन्यात आले. मॅडम कठड्याला धरून उभ्या होत्या.

"तक्रार करायची का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"एक विचारू? खरंच तिच्याबद्दल काहीच बोलण्यासारखं नव्हतं?"

"मी चुका बोलून ठेवायचे," मॅडम म्हणाल्या. "तिची कधी झालीच नाही. एकदाही नाही. काय बोलणार होते?"

भाऊजी पुढे सरसावले. "अहो, मग हेच सांगा की तिला! आत्ता!"

"आता?" मॅडमनी मागे वळून हॉलच्या दाराकडे पाहिलं. "तिने माझी माणसं नेली. हे एक माझ्याकडे उरलंय. मरेन, पण तिला देणार नाही."

त्या जिना उतरून गेल्या. पायरी-पायरीवर त्यांच्या टाचा वाजत राहिल्या.

"भाऊजी, चला," वहिनी म्हणाल्या. "आपलं काम झालं."

आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींनी वहिनींचं ऐकलं नाही. ते परत वर गेले. बहीण कोपऱ्यात फोनवर कुणालातरी सगळं सांगत होती. पियानोबाई खुर्च्या एकावर एक रचत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या." भाऊजींनी मॅडमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तुमची चूक कधी झालीच नाही. एकदाही नाही.

पियानोबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवून त्यांनी पुढची खुर्ची उचलली.

"तुम्ही भले माणूस आहात," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पण मी त्यांना ओळखते. त्या असं कुणाबद्दल बोलणाऱ्यातल्या नाहीत."