अजून कोणीतरी वापरत आहे

"एकच घागर लागस. ही दुसरी कोनासाठे आनी?" अंजनावहिनी माझ्या कानाशीच पुटपुटल्या.

बोलणं नवऱ्याला होतं. काशीरामभाऊ दारात बसून सुपारी कातरत राहिले. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं आम्ही खान्देशी लोक त्या दिवशी पाण्याची घागर भरतो. या घरातून गेलेले एकच, भाऊंचे वडील. कोऱ्या घागरी मात्र भाऊंनी दोन आणल्या होत्या.

मी ऐकलंच नाही असं दाखवून लॅपटॉपकडे बघत बसले. बघायला वेळही भरपूर होता. बटन दाबून अकरा मिनिटं झाली होती आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं.

सुरतेत लिंबायतला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅपटॉपची दुरुस्ती मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. पहिला बिघडवला तो माझाच. लोकांच्या घरी मी जात नाही. पण या दोघांची मुलगी चैताली सकाळीच दुकानात येऊन उभी राहिली. "सुवर्णामावशी, मम्मी लॅपटॉप घराबाहेर नेऊच देत नाही. आणि चार वाजता माझी टायपिंगची परीक्षा आहे, ऑनलाइन. मध्येच हँग थई गयुं तर नोकरी गेलीच समज." ही नोकरी हुकली तर ती आईशेजारी बसून साड्यांचे धागे कापणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून भर उन्हात रिक्षा करून त्यांच्या घरी कोसाडला आले, तीन जिने चढले.

लॅपटॉप तिच्या थोरल्या भावाचा, राकेशचा. दिवाळीनंतर भेस्तानच्या एका डाइंग मिलला आग लागली, तेव्हा तो पाळीवर होता. सात जण सापडले. सहांची ओळख पटली. सातव्याला बघायला भाऊ गेले आणि 'हा माझा नाही' म्हणून परत आले. तपासणीसाठी रक्त मागितलं, तेही दिलं नाही. तेव्हापासून या घरात राकेश बाहेरगावी आहे. आम्हीही तसंच बोलतो.

पडदा उजळला. आत कोण काय खातंय याची यादी मी उघडली. वापरणारे दोन होते. चैताली, आणि तिच्याखाली राकेश. मशीनची जवळजवळ सगळी ताकद राकेशच्या नावावर जात होती.

"त्याचा पासवर्ड कोण टाकतं?"

"कोणालाच माहीत नाही, मावशी."

असं होतं कधी कधी. अपडेटनंतर जुनं खातं आपोआप उघडतं, त्याची एक सेटिंग असते. ती मी बंद केली, राकेशला बाहेर काढलं, मशीन पुन्हा चालू केलं. तेरा मिनिटं लागली.

वापरणारे दोन.

मग लॅपटॉपची पाठ उघडली. आमच्याकडच्या लॅपटॉपांतून कापडाच्या लूमवरून उडालेली रुई निघते, पांढरी, मऊ. ह्याच्या पंख्यात काजळी होती. चिकट. बोटाला लागली तर जळक्या कापडाचा वास आला.

"हा कधी मिलमध्ये नेला होता?"

"कधीच नाही," चैताली म्हणाली. "ह्या टेबलावरून हललाच नाही."

मी पंखा पुसला. बोट पदराला पुसलं नाही, कागदाला पुसलं.

पुन्हा चालू केल्यावर राकेशच्या नावाखाली काय काय चाललंय ते बघितलं. फक्त नोटपॅड. साधी लिहायची वही. तिचा आकडा थोडा वाढायचा, थांबायचा, परत थोडा वाढायचा. माणूस विचार करून लिहितो तसा.

वहिनी माझ्या मागून बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही.

"लिखी राहिना ना?" त्या म्हणाल्या. "पहिलेपसून सावकाशच लिखस तो."

चैतालीने माझा दंड धरला.

साडेतीन झाले होते. एकदा पूर्ण बंद करून बघू म्हणून मी बटन दाबलं, तर निळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. चैतालीने त्या मोठ्यानं, मराठीत करून वाचल्या. "अजून कोणीतरी हा कॉम्प्युटर वापरत आहे. आत्ता बंद केला तर त्यांचं काम जाईल."

भाऊंचा अडकित्ता थांबला.

मी 'नको'वर दाबलं. बंद केलं नाही. "वहिनी, एकच उपाय आहे. राकेशचं खातं काढायचं. मग लॅपटॉप धावेल. नाहीतर पोरीची परीक्षा गेली."

"आनि तो उना म्हंजे?"

राकेश परत आला तर, हे त्यांचं विचारणं मी कानाआड केलं. मी सेटिंगमध्ये गेले. खातं आणि त्याचं सगळं काढून टाकायचं का, असं मशीननं विचारलं. माउसचा बाण मी 'हो'वर नेऊन ठेवला आणि हात काढून घेतला. हे मी दाबायचं नव्हतं.

चैताली आईकडे बघत होती. आई पडद्याकडे.

आत पंखा घरघरत होता.

"दाबी दे, बहीन," भाऊ दारातून म्हणाले. "तो येवाव नही."

"काय बोली राहिनात तुम्ही?" वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

"सातवा राकेशच व्हता. मी त्याना हात वळखा. वळखीसन नही म्हनं."

बाण 'हो'वरच होता. माउस टक् करून वाजला.

माउसवर कोणाचाच हात नव्हता; माझे दोन्ही हात मांडीवर होते.