सेकंदाला बावीस मीटर

त्यांची गाठ पडली ती अक्षरशः पडूनच. जिना उतरणारा उंच तरुण शेवटच्या पायरीवर अडखळला आणि हातातल्या पुस्तकांसकट तिच्यासमोर बसकण मारता झाला.

“लागलं का?”

“पुस्तकांना? नाही.” तो हसला. खालच्याच वाचनालयाचा ग्रंथपाल. “बहीण मला धडपड्या म्हणते, लहानपणापासून.”

निसटलेली चप्पल सरकवून देताना तिची नजर त्याच्या पावलावर थबकली. उंच कमान, आखडलेली बोटं... वरच्या दवाखान्यात ती मज्जातंतूंची तपासणी करायची. अशी पावलं तिनं पाहिली होती.

“एकदा तपासून घ्या ना.”

“पडणाऱ्या प्रत्येकाला सांगता?”

“पडून हसणाऱ्यांनाच.”

तो दुसऱ्याच दिवशी हजर. तिनं त्याच्या हाताला तारा लावल्या, बारीक झटका दिला.

“हा मशीनचा होता, की तुमचा?”

ती खुदकन हसली... आणि तिची नजर पडद्यावर गेली. मज्जातंतूतला संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर धावायला हवा होता. धावत होता बावीस. तिनं पुन्हा मोजलं. बावीसच.

रक्ततपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं— एका जनुकाची प्रत जास्तीची आलीय, म्हणून मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण नीट बनत नाही आणि संदेश रेंगाळतात. जिवाला धोका नाही. व्यायाम करायचा, आधाराचे बूट वापरायचे.

मग तो दर बुधवारी व्यायामाला येऊ लागला. येताना तिच्यासाठी एक पुस्तक, पुस्तकात एक चिठ्ठी. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बुधवार उजाडला की तिचं काळीज नुसतं उड्या मारायचं.

आणि एका बुधवारी तो आलाच नाही. पुढच्याही नाही.

ती तडक वाचनालयात गेली. तो कपाटाशी पुस्तकं लावत होता.

“मला तू आवडतोस,” ती धापा टाकतच म्हणाली. “आता बोल.”

त्याच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. “डॉक्टरांना विचारलं मी. माझं हे... प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी असते. मुलगा असो, मुलगी असो. तू नीट विचार कर.”

“ते दोघं मिळून करू. डॉक्टरांनाही विचारू.” तिनं ओठांतलं हसू कसंबसं दाबलं. “पण तू अजून मला हो म्हटलं नाहीस, आणि थेट मुलांपर्यंत पोचलास?”

तो कानांपर्यंत लाल झाला.

“हो,” तो म्हणाला. “हो... केव्हाचंच.”