बिनआवाजाचा कॅमेरा

दुकानाच्या काउंटरवरचे कॅमेरे ती एकेक करून उचलत होती, डोळ्याला न लावता कानाशी धरत होती आणि बटण दाबत होती.

"फोटो ऐकायचे असतात... हे मला नवीनच हं!" शेजारून आवाज आला.

तिनं वळून बघितलं. गळ्यात भलामोठा कॅमेरा, त्याला हातभर लेन्स, बुटांना तळ्याकाठचा चिखल आणि डोळ्यांत खट्याळ हसू. पक्ष्यांचे फोटो काढणारा, हे सांगायला नकोच.

"मी नाटकाच्या तालमींचे फोटो काढते," ती म्हणाली. "नट रंगात आला आणि मध्येच खटाक झालं, की दिग्दर्शिकाबाई आधी माझ्याकडे बघतात, मग दाराकडे."

"माझ्यासारखा घ्या ना! डोळ्याची पापणी लवेपर्यंत दहा फोटो."

"तुमचं पाखरू उडून जातं, म्हणून तुम्हाला घाई. माझा माणूस तिथंच असतो... त्याच्या चेहऱ्यावरचं तेवढं उडून जातं."

तो तिच्याकडे बघतच राहिला — शेवटी तिनंच नजर वळवली.

त्या काळी आत आरसा असलेले, खटाक वाजणारे जड कॅमेरेच खरे, असं सगळे मानत. तिचे वडील तर स्टुडिओवाले. घरात कपाटभर लेन्स, सगळ्या एकाच कंपनीच्या. "दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा आणलास तर यातली एकही बसायची नाही त्याला, बाळ," असं त्यांनी बजावलं होतं. पण वडिलांची माणसं दिव्यासमोर हसून बसत. तिची माणसं अंधारात रडत. तिनं छोटा, बिनआरशाचा, मुका कॅमेरा उचलला.

"नक्की?" पक्षीवाल्यानं विचारलं.

"शनिवारी तालमीला या. मी फोटो कधी काढला, ओळखून दाखवा."

तो आला. थेट तळ्यावरून, गळ्यात ते धूड तसंच. दिग्दर्शिकाबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "एक आवाज झाला, तर प्रयोगाचे फोटो दुसरं कुणी काढेल."

रंगमंचावर आई झालेली नटी मुलाच्या सदऱ्याची घडी घालत होती. हॉलमध्ये श्वाससुद्धा ऐकू येत होता. ती गुडघ्यांवर सरकत फोटोमागून फोटो घेत होती... आणि —

खटाक!

"झालं!" बाई कडाडल्या. "बॅग भर, मुली."

शेवटच्या रांगेतून तो उठला, कानापर्यंत लाल होऊन. "बाई, आवाज माझा... तिच्या कॅमेऱ्याला आवाजच नाही. मी तिचा फोटो काढला. राहवलं नाही."

"हे ध्यान कुणाबरोबर आलंय?"

'ओळखत नाही' म्हटलं असतं, तर ती सुटली असती. ती ताठ उभी राहिली.

"माझ्याबरोबर, बाई. माझा माणूस आहे. आणि तुमच्यासमोर मघापासून फोटो काढतेय मी. एक तरी ऐकलात?"

बाईंनी कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या. "घडी घालताना हिचा हात इतका थरथरत होता?" त्या हळूच म्हणाल्या. "मला इथून दिसलाच नाही... प्रयोगाला तूच ये. आणि ह्याला बाहेर बसव!"

बाहेर पायरीवर तो मान खाली घालून बसला होता.

"दाखवा तो फोटो," ती म्हणाली.

फोटोत अंधारात गुडघे टेकलेली, हनुवटी वर केलेली एक मुलगी होती. कुणाच्या बापाला न भिणारी.

"मी... अशी दिसते?"

"काम करताना, अशीच. म्हणून तर..."

ती अभिमानानं त्या मुलीकडे बघत राहिली. मग त्याच्या शेजारी बसत म्हणाली, "उद्या तळ्यावर मलाही न्या."

"तिथं अगदी गप्प बसावं लागतं हं."

"मला जमतं. तुमचंच बघा!"