तळ्याकाठचं आज्ञापत्र

“चोर तुम्ही आहात, साहेब! दप्तरखाना तुमचा, पहारा तुमचा, किल्ल्या तुमच्या. आणि पत्र गेलं तर चोर मी? या उलट्या बोंबा दुसऱ्या कुणाला ऐकवा!”

फोन पर्समध्ये कोंबत बाई मावशीच्या कचेरीत आल्या. दार इतक्या जोरात आपटलं की भाच्याच्या बशीतला चहा हिंदकळला.

भाच्याने त्यांना लगेच ओळखलं. वीस वर्षं बाईंनी शाळेत इतिहास शिकवला, सुट्ट्या दप्तरखान्याच्या धुळीत काढल्या आणि एकच पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकामुळे तळ्याकाठच्या चारशे घरांना कळलं, की पायाखालची जमीन ही कुणाची मेहेरबानी नाही. जुन्या राजवटीने आज्ञापत्र काढून ती वस्तीला कायमची दिली होती. सरकार जमीन घ्यायला निघालं तेव्हा बाई पुस्तक बगलेत मारून मोर्च्यापुढे उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना उचललं ते थेट विधानसभेत नेऊन बसवलं.

“बसा,” मावशी म्हणाली. ती खासगी तपासनीस, पण उभी गल्ली तिला मावशीच म्हणायची. सख्खा भाचा मात्र एकच. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला, डोक्याने संथ. “सावकाश सांगा. भरभर बोललात तर हा लिहीत नाही, नुसता घामाघूम होतो.”

“वेळ कुठाय? चारला चौकशी समिती बसतेय. मूळ आज्ञापत्र गायब आहे. बावीस वर्षांपूर्वी मी ते मागून घेतलं आणि परत केलंच नाही, अशी माझ्या सहीची चिठ्ठी दप्तरखान्याच्या संचालकांना सापडलीय म्हणे. माझी जागा गेली तर जाऊ दे. पण पत्र नाही म्हणजे पुरावा नाही. उद्या तळ्यावर बुलडोझर येतील.”

“पण तुम्ही घेतलं होतंत का?” भाच्याने विचारलं.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भाच्याला आपण पुन्हा शेवटच्या बाकावर बसलोय असं वाटलं.

दप्तरखान्याच्या दारात पहारेकऱ्याने मावशीची पिशवी उपसली, भाच्याचे खिसे उलटे केले.

“जातानाही तपासणार,” संचालक अभिमानाने म्हणाले. “माझेसुद्धा खिसे रोज तपासतात. चार वर्षांपूर्वी इथे रुजू झालो, तेव्हा पहिला हुकूम तोच काढला. इथून कागदाचा कपटा बाहेर जात नाही.”

“बाईंनी मात्र नेला?”

“तेव्हा मी नव्हतो ना.” त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. “जुन्या चिठ्ठ्यांच्या पेटीत सापडली.”

मावशीने ती खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. कागद जुना, पिवळा. पण त्याला कुठेही इजा नव्हती.

वाचनकक्षात बाईंचा जुना विद्यार्थी बसला होता. तोही इतिहासाचाच, मागच्या निवडणुकीत बाईंविरुद्ध उभा राहून सपाटून आपटलेला.

“संशय माझ्यावरच येणार, माहीत होतं,” तो म्हणाला. “मावशी, मला लबाडीच करायची असती तर बाईंच्या पेपरात कॉपी केली असती. नापास कशाला झालो असतो?”

“गेल्या महिन्यात तुम्ही हेच पत्र मागितलं होतंत.”

“हो. पुस्तकातली चूक काढायला! संचालकांनी लिहून दिलं, गठ्ठा पुठ्ठा-बांधणीला गेलाय.”

“आत जाऊन पाहिलं नाहीत?”

“आत? आम्ही या खिडकीपर्यंतच. कपाटांपर्यंत दोघंच जातात, दप्तरी आणि संचालक.”

दप्तरी चौतीस वर्षं कपाटांतच वावरलेला. ‘बांधणी’ म्हटल्यावर तो फिसकन हसला. “पुठ्ठे बांधणारा निवृत्त झाला त्याला तीन वर्षं झाली. जागा रिकामी. कोण बांधतंय, भूत?”

“जुन्या चिठ्ठ्या दाखवा.”

चौकशीपुरतं त्याने दोघांना कपाटांशी नेलं आणि पेटी उघडली. “दिवसभराच्या चिठ्ठ्या संध्याकाळी तारेत ओवायच्या. कागद परत आला असो वा नसो. हे संचालक यायच्या दोन वर्षं आधी फायली आल्या, तार गेली.”

भाच्याने मूठभर चिठ्ठ्या दिव्यासमोर धरल्या. प्रत्येकीच्या मधोमध उजेडाचा ठिपका होता.

“गठ्ठ्यांना दोरी कोण बांधतं?”

“मीच. गाठ माझी खास. दोन वेढे, टोक आत. ओढली तर आवळते, ढकलली तर सुटते. चौतीस वर्षांत कुणाला जमली नाही.”

भाचा बुटाची नाडी बांधायला वाकला. “मावशी, खालच्या फळीवरचा हा गठ्ठा बघ. यानेही बूट घातलेत!”

मावशी वाकली, पाहिलं, आणि दप्तऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली. भाच्याला वाटलं, आपला विनोद सांगतेय.

चार वाजता समिती वाचनकक्षातच बसली. अध्यक्षपदी दप्तरखान्याच्या खात्याचे मंत्री. सकाळी फोनवर बाईंच्या शिव्या खाल्लेले साहेब ते हेच. दाराबाहेर तळ्याकाठची माणसं दाटीने उभी होती.

“बाईंची चिठ्ठी खोटी आहे,” मावशीने सुरुवात केली. “बावीस वर्षांपूर्वीची प्रत्येक चिठ्ठी त्याच संध्याकाळी तारेत ओवली गेली. प्रत्येकीला भोक आहे. हिला नाही.”

संचालकांचा हात टेबलावरच्या चिठ्ठीकडे गेला.

“राहू द्या. आता पाडलंत तर ताजं दिसेल.” बाहेर हशा उसळला. “तर ही करणारा माणूस तारेच्या काळात इथे नव्हता. म्हणजे दप्तरी नाही, त्याच्या तर बोटांना अजून तारेचे घट्टे आहेत. पत्र काढणारा कपाटांपर्यंत गेला. म्हणजे बाईंचा विद्यार्थी नाही. आणि नसलेल्या बांधणाऱ्याकडे गठ्ठा पाठवला कुणी? उरलं कोण?”

“हे तर्कट आहे!” संचालक ओरडले. “पत्र कुठाय? पत्र दाखवा!”

“दाखवते. दारात तुमचेसुद्धा खिसे तपासतात, तेव्हा पत्र बाहेर गेलं नाही. चाळीस हजार गठ्ठ्यांत लपवलंत. पण गठ्ठा सोडला, तो पुन्हा बांधावा लागला. दप्तऱ्याची गाठ काही जमली नाही, म्हणून मारली बुटाच्या नाडीची. आमच्या भाच्याने ओळखली, त्याला तेवढी एकच येते.”

दप्तऱ्याने गठ्ठा आणून ठेवला. दोन कान काढलेली गाठ एका ओढीत सुटली. पाणीपट्टीच्या रद्दीमधून शिक्क्याचा जाड कागद बाहेर आला.

विद्यार्थ्यानेच तो आधी ओढून घेतला. ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला. मग बाईंसमोर धरला.

“अक्षर न् अक्षर तुमच्या पुस्तकातलं आहे, बाई,” तो म्हणाला. “एक चूक सापडत नाही. फार त्रास दिलात.”

बाहेरचा कल्लोळ आत घुसला. कुणी दार ढकललं, कुणी खुर्चीवर चढलं. एका म्हातारीने पहारेकऱ्यालाच मिठी मारली.

“पण मावशी,” भाच्याने विचारलं, “यांनी ते फाडून का नाही टाकलं?”

“काम झालं की हुकूम देणारे ओळख विसरतात, राजा. पत्र शाबूत असलं की विसरत नाहीत. हो ना, संचालक?”

संचालक मान खाली घालून म्हणाले, “मी नको म्हणालो होतो. मला वरून—” आणि त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

मंत्री उठले. “समितीचं कामकाज संपलं.”

“बसा!”

वर्गातला आवाज होता तो. मंत्री बसले.

बाईंनी आज्ञापत्र दोन्ही हातांनी वर धरलं. लोक शांत होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग त्या टेबलाच्या अगदी जवळ गेल्या.

“साहेब, हा कागद काढायचा हुकूम कुणी दिला? उद्या नाही, लेखी नाही. या चारशे घरांसमोर, आत्ता. बोला!”