चौथ्या दरवाजाचं ओझं

समुद्राच्या भरतीचं पाणी अडवणाऱ्या रेवबंदरच्या दरवाजांवर कुणी प्रशिक्षणाला निघालं, की बाकीचे त्याचं काम वाटून घेत आणि मनावरचं ओझंसुद्धा. याला म्हणत 'भारधारण'. शिकण्याच्या आड येणारी आठवण मेंदूतून काढून सहकाऱ्याच्या मेंदूत ठेवायची आणि प्रशिक्षण संपलं की परत घ्यायची. कुणाचा घटस्फोट, कुणाच्या आईचं आजारपण, सगळं आठवडाभर दुसऱ्याच्या डोक्यात मुक्कामाला असे.

हर्षाली ठाकूरचा धाकटा भाऊ प्रणित चौथ्या दरवाजापाशी बुडाला होता. आईवडिलांमागे तिला तो एकटाच. त्या दरवाजाचं नाव निघालं तरी तिचे हात थरथरत, म्हणून नव्या यंत्रणेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. आता शेवटची संधी होती. तिच्या पाळीतला निवृत्ती म्हात्रे, घरात एकुलता एक, स्वभावानं भला आणि जरा आगाऊ. तो अपघात माझ्याकडे दे आणि बिनघोर जा, असं त्यानंच तिला सुचवलं.

हर्षाली पहिली आली. ठेव परत करायच्या दिवशी मात्र डॉक्टर वैजयंती दामलेंनी निवृत्तीची तपासणी मध्येच थांबवली.

"अपघाताबरोबर अख्खा भाऊच तुमच्याकडे आलाय," त्या म्हणाल्या. "एकमेकांत गुंतलं होतं सगळं. तिला तो आठवतच नाही."

"मग द्या परत."

"तिची संमती लागते. ती नको म्हणते."

कुणाच्या डोक्यात जबरदस्तीनं काही घालू नये, म्हणून केलेला हा नियम. चांगलाच नियम होता, हेच वाईट. निवृत्ती म्हणाला, मी तिला सगळं सांगतो. त्यावर डॉक्टरांनी समजावलं, की ऐकीव गोष्ट एकदा डोक्यात बसली की खरी आठवण तिथे शिरत नाही. शिवाय आज संध्याकाळनंतर ती आठवण निवृत्तीच्याच मेंदूत रुजणार, कायमची त्याची होणार.

तो धावत हर्षालीकडे गेला. तुझी एक ठेव माझ्याकडे आहे, काय ते विचारू नकोस, फक्त हो म्हण, अशी त्यानं गयावया केली.

"दुःखाचीच ना, दादा?" तिनं विचारलं. "किती दिवसांनी मला झोप लागतेय."

संध्याकाळी मोठी भरती आली. हर्षालीनं चारही दरवाजे एकटीनं सांभाळले, हात जराही हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात ठेव परत द्यायची वेळ टळून गेली.

पाळी संपल्यावर निवृत्ती चौथ्या दरवाजाचा कठडा धरून उभा होता. काटे काढून प्रणितला मासे भरवलेले त्याला आठवत होते.

"दादा, इथे तुमचं कोणी गेलंय का?" हर्षाली जवळ येऊन म्हणाली.

"धाकटा भाऊ."

ती हळहळली. पुढच्या महिन्यात तुमचं प्रशिक्षण आहे ना, तेवढ्यापुरता तो भार मला द्या, असं तिनं अगदी मनापासून म्हटलं. तो भार तिच्याकडेच रुजू दिला, तर प्रणित तिला परत मिळणार होता; तेवढी एकच वाट उरली होती. निवृत्तीलाही ते कळलं.

"नको," तो मागे सरकत म्हणाला. "माझा भाऊ आहे तो."